बोरांचा मोची

जयपूरच्या झोटवाड्यातल्या आमच्या बेकरीत येऊन कुणी "भैया, एक मोची देना" म्हणालं, तर ते चप्पल शिवणाऱ्याला शोधत नसतात. भैया तर मी मुळीच नाही, पण काउंटरमागे कुणीही उभं असलं तरी इथे त्याला भैयाच म्हणतात. त्यांना हवा असतो तो बोरांचा एक गोड पदार्थ. खाली गुळात शिजवलेली बोरं, वर आंबट पिठाचा जाडसर मऊ थर, आणि सगळं एकाच पसरट डब्यात भाजलेलं. इंग्रजीत याला कॉब्लर म्हणतात. पहिल्यांदा केला तेव्हा मी तेच नाव पुठ्ठ्यावर लिहून काचेच्या कपाटात ठेवलं होतं. आमचे भट्टीवाले युनूसचाचा चष्मा वर करून ते वाचत राहिले.

"बिटिया, कॉब्लर तो मोची होता है ना? स्कूल में यही पढ़ाया था."

मी म्हटलं, हो, पण हा दुसरा.

"अच्छा, दूसरा मोची," चाचा म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत तेच नाव झालं. पुठ्ठा मी काढून टाकला. आता कधीकधी कॉलेजच्या मुली येतात. त्यांच्या मोबाईलमध्ये जपानी मोची असतो, तांदळाचा, गुबगुबीत, गुलाबी. आमचा तपकिरी मोची बघून त्यांचे चेहरे पडतात. मी काही बोलत नाही, एक चमचा पुढे करते. बहुतेक जणी मग बसतात.

मी एकूणच कमी बोलते. बेकिंगचा कोर्स झाल्यावर एका हॉटेलात लागले होते. तिथे काम चांगलं होतं, पण पाहुण्यांच्या टेबलाजवळ उभं राहून केकची गोष्ट सांगायला लावायचे. मला केक करता येतो, त्याची गोष्ट सांगता येत नाही. म्हणून ही जुनी बेकरी बरी वाटली. पुढे टोस्ट, खारी, नानखटाई, पाव. मागे विटांची लाकडावर चालणारी भट्टी. आणि भट्टीपाशी बोलायला फक्त चाचा, जे स्वतःच पुरेसं बोलतात. या अंकासाठी कामाबद्दल लिही असं सांगण्यात आलं तेव्हा मला पहिली भीती वाटली ती मराठीची. वडील फौजेत होते, शेवटचं पोस्टिंग जयपूरला, मग इथेच घर केलं. माझी शाळा इंग्रजी. देवनागरी शिकले ती हिंदीच्या तासाला. तेव्हा या लिखाणात जिथे 'मतलब' नाही, तिथे तो आईने काढला आहे असं समजा.

आधी पिठाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाव फुगवायला बहुतेक बेकऱ्या बाजारातलं यीस्ट वापरतात. जुनी पद्धत वेगळी. पीठ आणि पाणी कालवून उघड्यावर ठेवायचं, आणि पिठातले, हवेतले जिवंत कण त्यात घर करतील याची वाट बघायची. मग ते बुडबुडे सोडायला लागतं, ताकासारखा वास येतो. त्यातलं थोडं कणकेत घातलं की पाव फुगतो, आंबूस लागतो आणि बरेच दिवस टिकतो. या मिश्रणाला मी स्टार्टर म्हणते, चाचा खमीर म्हणतात. माझी आई कराडकडची. ती विरजण म्हणते. मी एकदा तिला समजवायला गेले की विरजण दुधाचं असतं.

"आगं, थोडं राखून ठिवायचं आन् त्यातनं नवं करायचं, ह्यालाच विरजण म्हणत्यात," ती म्हणाली. "इंग्लिश शाळेत घातली म्हणून दह्याचं बी पेटंट घिऊन आलीस व्हय?"

तर हे विरजण जिवंत असतं आणि त्याला रोज खायला लागतं. नवं पीठ, नवं पाणी. पण खायला घालण्याआधी त्यातला मोठा भाग काढावा लागतो, नाहीतर ते वाढत जातं आणि घरातल्या सगळ्या बादल्या त्याला पुरत नाहीत. काढलेल्या भागात पाव उचलायची ताकद राहिलेली नसते. चव मात्र भरपूर असते. पुस्तकं सांगतात, टाकून द्या. मीही टाकत होते, मागच्या मोरीत, रोज सकाळी.

एके दिवशी निर्मला आंटीजींनी ते पाहिलं. बेकरी त्यांच्या यजमानांनी सुरू केलेली. ते गेल्यापासून त्या काउंटरजवळ वेताच्या खुर्चीत बसतात. हातात जपमाळ आणि नजर तराजूवर. त्यांना वाटेल ती नवी गोष्ट चालते. आंबट ब्रेडसुद्धा चालला, जरी त्यांनी तो कधी खाल्ला नाही. पण मोरीत चाललेलं पीठ पाहून त्या खुर्चीतून उठल्या.

"अन्न नाली में? बेटा, या तो यह बंद, या तेरी खट्टी ब्रेड बंद."

मी ब्रेड बंद करणार नव्हते. काढलेल्या पिठाचं काय करता येईल ते शोधायला लागले. धिरडी केली, मठऱ्या केल्या. मग चौमूंहून बोरांच्या पाट्या आल्या. त्या दिवसांत झोटवाड्यात पावलापावलावर बोरं असतात. आंबट पीठ आणि आंबटगोड बोरं एकमेकांना ओळखतात असं मला वाटलं. बोरांत गूळ आणि चिमूटभर सुंठ. पिठात थोडा मैदा, दूध, साखर, तूप आणि अगदी शेवटी सोडा. आंबट पिठाला सोडा भेटला की ते हसायला लागल्यासारखं फुगतं. ही फूग थोड्या वेळाची असते. तेवढ्यात ते भट्टीत गेलं पाहिजे, नाहीतर बसतं आणि पुन्हा उठत नाही. या पदार्थात खरं कौशल्य एवढंच आहे, बाकी तो कुणालाही जमेल. बोरं संपली की पेरू, पेरू संपले की आंबा, पण लोकांच्या तोंडी बसला तो बोरांचाच. चाचा काढलेल्या पिठाला 'फालतू' म्हणतात, हिंदीतल्या जास्तीच्या अर्थाने. गिऱ्हाइकासमोरही ते आवाज देतात, "बिटिया, फालतू बचा है क्या?" मी सवय करून घेतली.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. एक निवृत्त ब्रिगेडियर स्वतःची सुरी घेऊन येतात. पाव उलटा करून बोटाच्या पेराने वाजवतात, कान लावतात आणि "पास" म्हणतात. एकदा म्हणाले, "फेल." मी तो पाव घरी नेऊन कापला. मध्ये खरोखरच कच्चा होता. तेव्हापासून मीही वाजवते. गोपालपुऱ्याच्या होस्टेलातली एक मुलगी दर रविवारी दोन बस बदलून यायची. मेडिकलची तयारी करत होती, गाव अलवरकडचं. तिला ब्रेड नको असायचा, फक्त आंबट ब्रेडच्या कडा. म्हणायची, "घर की राबड़ी जैसी खटास है." इथली राबडी म्हणजे आपली दुधाची नव्हे, ताकात बाजरीचं पीठ आंबवून शिजवलेली. मी कडा तिच्यासाठी बाजूला ठेवायचे. आमचं बोलणं असं फारसं कधी झालं नाही, पण परीक्षेनंतर ती आली नाही तेव्हा दोनतीन रविवार मला कडांचं काय करावं ते सुचत नव्हतं.

आणि केतकीताई. ती नाशिकची, इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, आणि त्याच कॉलेजात शिकवणाऱ्या जयपूरच्या मुलाशी तिने लग्न केलं. घर आमच्या बेकरीपासून दोन गल्ल्या पलीकडे. मला आईशी फोनवर मराठी बोलताना ऐकलं आणि काउंटरवरून जवळजवळ उडी मारूनच आत आली. "तू मराठी? आणि सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, "मतलब, कुणी विचारलं नाही." तेव्हापासून मी 'मतलब' म्हटलं की ती शिक्षिकेसारखं एक बोट वर करते. मी वाक्य पुन्हा म्हणते.

ती बडबडी होती आणि मी ऐकणारी, त्यामुळे आमचं जमलं. सासरचे लोक चांगले, असं ती नेहमी सांगायची. फारच चांगले. "गार्गी, दोन वर्षं झाली, मला अजून पाहुण्यांच्या कपात चहा मिळतो. ते सोनेरी कडेचे असतात ना, ते. स्वयंपाकघरात गेले की सासूबाई म्हणतात, 'केतकीजी, आप थक गई होंगी, आप बैठिए.' नवऱ्याला 'तू', नणंदेला 'तू', कामवालीला 'तू'. मला 'आप'. भांडण तरी करा म्हणावं."

होळी झाल्या झाल्या ती आली तीच उजळलेल्या चेहऱ्याने. सासूबाईंनी पहिल्यांदा काहीतरी करायला सांगितलं होतं. सणासाठी एक पदार्थ, स्वतःच्या हाताने, माहेरचा. "पुरणपोळी मला येत नाही, फाटते. मी तुझा मोची करते. माझी आई बोरकूट करायची, म्हणजे बोरं माहेरचीच झाली." मी तिला दोन वेळा बेकरीत करून दाखवला. दुसऱ्या वेळी तिचा माझ्यापेक्षा जरा बराच झाला. सण कुठला ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या घरातलं विचारायचं नाही हा माझा नियम आहे.

मग एका दुपारी ती रिकामा डबा घेऊन आली. आमची त्या दिवशी पहाटेपासून धांदल होती, आणि आता सगळं आवरलं होतं. चाचांनी भट्टीतली लाकडं आणि निखारे बाहेर ओढून पाणी मारलं होतं.

"मला फक्त तुझं ते फालतू दे, आणि शिजवलेली बोरं," केतकीताई म्हणाली. "आमच्या खोलीत छोटा ओव्हन आहे. उद्या सगळे उठायच्या आत करणार. घरभर वास सुटला पाहिजे. सासूबाईंची बासुंदी आणि शेजारी माझा गरमागरम मोची."

"उद्या? बासुंदी?"

"उद्या बासोडा ना? आठवडाभर तेच चाललंय घरात, बासोडे का दूध, बासोडे का दही. इकडची बासुंदीच असणार ती. नाव जरा मोडलंय."

कपाटाची काच पुसत होते, हात थांबला.

"केतकीताई, बासोडा मतलब बासी."

तिने बोट वर केलं. मग ते हळूच खाली आलं.

"बासी म्हणजे शिळं?"

मी सांगितलं. उद्या शीतला मातेचा दिवस. तिला थंड आवडतं. उद्या इथे कुणाच्याच घरी चूल पेटत नाही, गॅस नाही, ओव्हन नाही. जे करायचं ते आज करून ठेवायचं, उद्या देवीला थंडच चढवायचं आणि थंडच खायचं. म्हणून तर आमचीही पहाटेपासून धांदल.

"देवीला शिळं?" ती म्हणाली. तिचा आवाज आता माझ्या आईसारखा झाला होता. "गार्गी, आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी वासही घेत नाही."

"आमच्याकडेही. जयपूरच्या पहिल्या वर्षी शेजारच्या काकींनी आईला बासोड्याचं ताट आणून दिलं. आईला वाटलं, बिचारीला गरम करायला वेळ मिळाला नसेल. तिच्यासमोरच तव्यावर गरम करून वाढलं. प्रेमाने."

केतकीताई हसली नाही. मैद्याच्या पोत्यावर बसली. "आता कळलं. मघाशी सासूबाईंनी गॅस पुसला आणि त्यावर हळदीचं स्वस्तिक काढलं. मला वाटलं, पूजा करताहेत. मी फोटो काढला." मग म्हणाली, "म्हणजे घरातली चूल बंद झाली. उद्या सगळ्यांचं ताट लागणार आणि माझं काही नसणार. आणि त्या काही म्हणणार नाहीत, हेच वाईट. म्हणतील, 'कोई बात नहीं केतकीजी, आप थक गई होंगी.'"

मला तिला काय वाटत होतं ते बरोबर कळत होतं. मी जयपूरमध्ये वाढले, पण आजही लोक मला विचारतात, "आप कहाँ से हैं?"

"आज अजून संपलेलं नाही," मी म्हटलं. "हात धू."

बोरं मी सकाळीच शिजवून ठेवली होती. बिया काढायच्या होत्या. तिने दोन्ही हात पातेल्यात घातले आणि कुस्करून एकेक बी काढली. मी हात मागे बांधून उभी राहिले, कारण हे तिच्या हाताने व्हायचं होतं, आणि मला हात मागे ठेवणं सोपं जात नाही. गूळ, सुंठ. मग पीठ. पीठ छान आंबट होतं, होळीनंतर हवा तापायला लागली की ते जोरात असतं. तूप, साखर, दूध, मैदा. ती घाईत होती. मी डब्यांना तूप लावायला वळले, आणि मागून चमच्याचा आवाज आला.

"सोडा घातला," ती म्हणाली. "बघ कसं फुलतंय."

सोडा शेवटी घालायचा हे तिला पाठ होतं. शेवटी म्हणजे भट्टीचं दार उघडं असताना, हे मी सांगायला हवं होतं की नाही ते आता जाऊ दे. मी दोन डब्यांत बोरं पसरली, तिने वर पीठ ओतलं, आणि आम्ही दोघी डबे घेऊन मागे धावलो.

भट्टीच्या लोखंडी दारावर हळदीचा हात उमटलेला होता. कडीला मौली बांधलेली, लाल-पिवळ्या धाग्याची घट्ट गाठ. समोर आंटीजी हात जोडून उभ्या होत्या.

"बंद हो गई, बेटा," त्या म्हणाल्या. "मैंने हाथ जोड़ लिए."

भट्टी विझवली हे मला माहीत होतं. माझा विचार असा होता, की आगीची गरजच नाही. बाहेरच्यांसाठी हेही सांगते. विटांची भट्टी आणि विजेचा ओव्हन यांत मोठा फरक आहे. ओव्हनचं बटण बंद केलं की तो गार पडायला लागतो. विटांची भट्टी आग काढल्यावरही कितीतरी वेळ तापलेली राहते आणि अगदी सावकाश उतरते. रोजचे आमचे टोस्ट याच उतरत्या उष्णतेत कोरडे होतात. ही उष्णता मी गृहीत धरली होती. दारावरचा धागा गृहीत धरला नव्हता.

केतकीताईच्या हातातल्या डब्यात पीठ कडेपर्यंत आलं होतं. वर बारीक भोकं पडत होती. अजून थोड्या वेळाने ती भोकं फुटायला लागतील आणि सगळं खाली बसेल, हे मला दिसत होतं.

आंटीजींना मी इतक्या वर्षांत कधी उलट बोललेले नाही. त्यांनी मोरीवरून दटावलं तेव्हाही नाही. त्या दिवशी बोलले, हिंदीत, आणि अडखळले नाही.

"आंटीजी, आग नहीं जलानी है. अंदर जो गर्मी है, वह आज की ही है. माता के लिए जो पकना है, आज ही तो पकना है. यह इनका पहला है."

आंटीजींनी केतकीताईकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. "किसकी बहू है?"

केतकीताईने सासऱ्यांचं नाव सांगितलं.

"और मौली?"

चाचा मागे बसून बिडी पेटवत होते, ती त्यांनी खिशात ठेवली. "गाँठ है, भाभीजी. खोल देंगे. तोड़ेंगे थोड़े ही."

"तुम नहीं," आंटीजी म्हणाल्या. "जिसका प्रसाद है वह खोले. और यूनुस, लकड़ी एक नहीं डलेगी."

"तिनका भी नहीं."

केतकीताईच्या बोटांना पीठ लागलेलं. ती नखांनी गाठ सोडवायला लागली. गाठ सुटेना. तिला दात लावावेसे वाटत होते, पण आंटीजी बघत होत्या. शेवटी धागा सैल झाला आणि तिने तो आंटीजींच्या हातात दिला.

दार उघडल्यावर चाचांनी आत हात घातला. त्यांच्याकडे थर्मामीटर आहे, मी घेऊन दिलेला, तो खिळ्याला टांगलेला असतो. ते तळहात आत धरतात आणि भावंडांची नावं घेतात, मोठ्यापासून. पावाची भट्टी असेल तर दुसऱ्या भावाला हात बाहेर काढावा लागतो. नानखटाईला चौथ्या.

"सलीम, कलीम, नईम, शमीम," चाचा म्हणाले. हात आतच होता. "रुख़साना. शबाना." मग बाहेर काढला. "बहनों तक आ गई, बिटिया. ढीली है. पीछे वाले कोने में रखो, और दुआ करो."

आम्ही डबे मागच्या कोपऱ्यात सरकवले, जिथे विटा सगळ्यात जाड आहेत. दार लावलं आणि फटींना ओलं पोतं दाबलं.

मोची एरवी लवकर होतो. त्या दिवशी तो होता होईना. चाचांनी चहा मागवला, तोही समोरच्या टपरीतून. केतकीताईचा फोन वाजला. तिकडचं मला ऐकू आलं, आवाज मृदू होता. "केतकीजी, आप कहाँ रह गईं? अँधेरा हो जाएगा."

"बन रहा है, मम्मीजी," ती म्हणाली. "थोड़ा धीरे बन रहा है."

तिकडून, "अच्छा."

"त्या 'अच्छा'चा अर्थ काय असेल?" फोन ठेवून तिने मला विचारलं. या गावात 'अच्छा'चे बरेच अर्थ होतात.

सूर्य समोरच्या गच्चीमागे गेला तेव्हा चाचांनी दार उघडलं. मी डबा ओढून काडी टोचली. काडी कोरडी बाहेर आली. मोची झाला होता. फुगला होता, शिजला होता, कडेने बोरांचा रस चिकट होऊन वर आला होता. पण वरून पांढराफटक, तापातून उठलेल्या माणसासारखा. वरचा थर लाल व्हायला वरून जी धग लागते, ती उतरत्या भट्टीत नसते. माझ्या हातून अशा रंगाचा पदार्थ एरवी काउंटरवर गेला नसता. आजही आठवलं की मला तो रंग खुपतो.

"गोरा मोची," चाचा म्हणाले.

"ठंडा खाना है, रंग कौन देखेगा," आंटीजी म्हणाल्या, आणि मौली पुन्हा कडीला बांधायला लागल्या.

मी केतकीताईला सांगितलं, की हा उद्या आजच्यापेक्षा चांगला लागेल. हे मी समजूत काढायला म्हटलं नव्हतं. आंबट पिठाचं असंच असतं. साधा केक दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. हा ओलावा धरून ठेवतो, आणि फळाचा रस रात्रभर वर चढत राहतो. तिने मान हलवली. ती ऐकत नव्हती. दोन्ही डबे छातीशी धरून, भर रस्त्यातून, मोटारसायकलींकडे न बघता ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बेकरी उघडी होती, भट्टी थंड. आदल्या दिवशीचा माल घ्यायला लोक येत होते. माझं लक्ष रस्त्याकडे होतं. मला कुठल्या मोचीची एवढी काळजी कधी वाटली नव्हती, आणि मी तर तो केलाही नव्हता. रंगाचाच विचार येत होता. सासूबाईंना तो कच्चा वाटला तर?

केतकीताई दुपारी आली. केशरी ओढणी, कपाळावर ओलं कुंकू, पायांना चिखल. आंटीजींना नमस्कार केला, चाचांना "चाचाजी, नमस्ते" म्हणाली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पहाटे देवळात गेलो," ती म्हणाली. "सगळ्या बायका. रांग केवढी! आत मूर्ती अशी नाहीच, दगड आहे. सगळ्या त्यावर पाणी घालतात, दही घालतात, राबडी, पुऱ्या, भात, जे आणलं असेल ते. सासूबाईंनी ताटात माझ्या मोचीचा तुकडा ठेवला होता. मी सारखी त्याच्याकडेच बघत होते. पांढरा होता ना, ओळखू येत होता. आमचा नंबर आला, त्यांनी ते सगळं ताट दगडावर रिकामं केलं, वरून पाणी ओतलं."

"मग?"

"मग काय? मला आईला फोटो पाठवायचा होता. मोबाईल काढला आणि बघते तर काही कळेना. शेजारणीची पुरी, कुणाचं दही, सगळा एकच काला झालेला. मी वाकून शोधत होते, माझं कुठलं, माझं कुठलं. मागची बाई ओरडायला लागली. तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरून ओढलं. सगळ्यांसमोर. रागावल्याच."

"काय म्हणाल्या?"

केतकीताईने डोक्यावरून ओढणी पुढे ओढली, कंबरेवर हात ठेवला आणि हुबेहूब त्यांच्या आवाजात, त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाली, "कांई ढूंढै है? माता नै चढ़ा दियो, अब थारो कोनी!"

वेताच्या खुर्चीतून आंटीजी हसल्या. "ठीक ही तो कहा. चढ़ गया तो थारो कोनी, तेरा कहाँ रहा."

"हो, आंटीजी," केतकीताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "गार्गी, 'आपका' नाही गं. 'थारो' म्हणाल्या."